वरच्या पट्टीतली मुलगी

"क्लच, क्लच, अगं क्लच!" म्हणेपर्यंत गाडीने गचका खाल्ला आणि बरोबर चौकाच्या मधोमध बंद पडली. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा एकच कल्ला केला. स्टिअरिंगवरची मुलगी घामाघूम झाली. शेजारच्या सीटवर बसलेल्या छोटीला त्याचं काहीच वाटलं नाही. अर्धंअधिक आयुष्य तिने दुसऱ्यांच्या चुकांशेजारी बसून काढलं होतं.

"वाजवू देत. हॉर्न त्यांचा, हात त्यांचे. तू न्यूट्रल कर आणि चावी फिरव. घाई कुणाला आहे? मला तर नाही."

मुलीने गाडी सुरू केली, चौक पार केला आणि जीव भांड्यात पडल्यावर गुणगुणायला लागली.

"उतरू नको इतक्यात, अजून ऊन आहे गच्चीवर..."

छोटीने आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीत तो दोन्हीकडे असतो. रस्ता चांगला मोकळा होता तरी गाडी जागच्या जागी थांबली.

"काय झालं मॅडम? कुणी आडवं आलं?"

"मांजर होतं," छोटी म्हणाली. "चल, गेलं."

"मॅडम, तुम्ही ऐकलंय का हो हे? 'गच्चीवरचे कपडे'? अल्बम आधी मावशीचा होता, तिच्याकडून आईने ढापला, आईकडून मी. आमच्या हॉस्टेलवर कुणाचा मूड गेला की हेच लावतात. ती गाणारी ना, असं वाटतं शेजारच्या खोलीत बसून आपल्याच मनातलं गातेय. अगदी पोरगी आहे हो. पंधरा-सोळाची असेल."

"एकोणीस," छोटी बोलून गेली. मग घाईघाईने म्हणाली, "असेल. आरसा बघ, डावीकडे वळायचंय."

"तीस वर्षं झाली म्हणून ते लोक परत वाजवणार आहेत. अख्खा अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण गाणारी तयार नाहीये म्हणे."

"मग नसेल तयार. हातात काय आहे कुणाच्या?"

"असं कसं मॅडम? तिला एकदा बघायचंय मला. बस, एकदा."

छोटीने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसली. पन्नाशीच्या या बाईला छोटी म्हणणारी माणसं आता जगात तीनच उरली होती: दादा, वहिनी आणि लंबू. बाकी सगळ्यांची ती मॅडम.

तीस वर्षांपूर्वी दादा गिटार वाजवायचा, लंबू ड्रम्स वाजवायचा आणि छोटी गायची. गाणी तिघांनी मिळून जुळवलेली. एका मित्राच्या गॅरेजात भिंतींना जुन्या गाद्या टेकवून, टेपच्या एका उसन्या मशीनवर त्यांनी तो अल्बम केला. तेव्हा त्याला कुणी फारसं विचारलं नाही. मग पोटापाण्याने तिघांना तीन दिशांना लावलं. दादा लोकांची वॉशिंग मशीन दुरुस्त करू लागला, लंबू पोस्टात चिकटला आणि छोटीने गाडी शिकवायला घेतली. इकडे ते गाणं मात्र स्वस्थ बसलं नाही. या हातातून त्या हातात, भावाकडून बहिणीकडे, कुणाच्या प्रेमभंगात तर कुणाच्या परीक्षेत, ते आपलं फिरत राहिलं. लोकांनी त्यावर लेख लिहिले. एकाने लिहिलं होतं की असा कोवळा आवाज पुन्हा होणे नाही. छोटीने ते वाचलं आणि कागद घडी घालून डॅशबोर्डात कोंबला.

कारण तिने करून पाहिलं होतं. दुपारी शिकणारं कुणी नसताना, काचा वर करून, रिकाम्या मैदानाच्या कडेला गाडी लावून ती अल्बममधलं शेवटचं गाणं, 'उतरू नको', म्हणायला गेली. 'अजून' पाशी आवाज चिरकला, दुसऱ्यांदा फाटला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. दिवसभर क्लच-ब्रेक ओरडून घशाची चाळण झालेली. त्या दिवशी ती गाडीत एकटीच रडली. म्हातारपणाची भीती तिला कधी वाटली नव्हती, पण लोकांच्या घराघरात एक पोरगी अजून गातेय आणि आपण तिच्या जवळपासही नाही, हे तिला सहन होईना. तिने दादाला फोनवर सांगून टाकलं: मी येणार नाही.

रविवारी ये, एवढंच दादा म्हणाला.

रविवारी ती गेली तेव्हा दादाच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावलेला होता. लंबू ड्रम्समागे गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि दादा गिटारची खुंटी पिळत होता.

"मी नाही म्हटलंय," छोटी दारातूनच म्हणाली.

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत." दादाने डावा हात पुढे केला. "बोटं बघ. सकाळी गरम पाण्यात धरल्याशिवाय मूठ मिटत नाही. डॉक्टर म्हणतो, आणखी वर्षभराने वाजवायचं नाव काढू नका. मला हे एकदा वाजवायचंय छोटे. एकदाच. तुझ्याशिवाय वाजवणार नाही, हेही सांगून ठेवतो."

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. दादाने गिटारच्या मानेवर पट्टी वर चढवायचा चिमटा लावला, सुरुवात केली. ती गायली. पहिली दोन गाणी कशीबशी निभावली. तिसऱ्यात चेहरा लाल झाला. शेवटचं गाणं आलं आणि 'अजून' पाशी आवाज पुन्हा तसाच फाटला. लंबूने काठ्या मांडीवर ठेवल्या. कुणी कुणाकडे बघेना.

"झालं समाधान?" छोटी म्हणाली. "आता तरी सोडाल मला?"

तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली. या अल्बमवर सगळं जग जीव टाकत होतं, पण वहिनीला तो आवडत नसे. कुणी लावला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. घरच्यांनी ते स्वभावाला औषध नाही म्हणून सोडून दिलं होतं.

"इतक्या वर का गातेस गं?" ट्रे ठेवत वहिनीने विचारलं.

"रेकॉर्डमध्ये तसंच आहे वहिनी."

"असेल. पण तू असं कधी गात नव्हतीस. गॅरेजच्या भिंतीपलीकडे माझी खोली होती. तुमच्या त्या धिंगाण्यापायी माझं कॉलेजचं एक वर्ष वाया गेलं. मला नको सांगूस. तुझा आवाज कसा भरलेला होता. मी खिडकीशी येऊन बसायचे. आणि ती रेकॉर्ड आली तर त्यात हे चिमणीचं पिल्लू! मला वाटलं, हिला झालं काय? म्हणून तर मला ते ऐकवत नाही."

"काहीतरीच तुझं," दादा म्हणाला.

"काहीतरीच कसं? आणि हा चिमटा कशाला लावता तुम्ही? तेव्हा कुठे होता?"

"रेकॉर्डशी जुळायला लागतो. दोन घरं वर घ्यावं लागतं."

"मग तेव्हा चिमटा नव्हता तर वाजवलंत कसं?"

दादा चिमटा चाचपू लागला. लंबूने कपाळावर हात मारला.

"अरे, ते मशीन!" तो दादाकडे वळून ओरडला. "त्याचा बेल्ट सैल झाला होता! टेप रेंगाळत फिरायची. आपण तू आणलेला कुठल्यातरी मशीनचा बेल्ट बसवला, तोही सैल. आपण गाणी भरली हळू फिरणाऱ्या टेपवर, आणि नंतर चांगल्या मशीनवर लावली तर सगळं पळायला लागलं. आठवतंय? आपण हसून हसून लोळलो होतो. छोटीला आपण आठवडाभर बाहुली बाहुली म्हणत होतो!"

"परत भरायला मशीन मिळालं नाही," दादा हळूच म्हणाला. "म्हटलं, जाऊ दे, कोण ऐकतंय."

आणि मग लोकांनी ऐकलं. इतकं ऐकलं की या तिघांनाही तेच खरं वाटायला लागलं. घरी वाजवायचं तर रेकॉर्ड लावून, रेकॉर्डशी जुळवून. इतकी वर्षं ही माणसं आपल्याच गाण्याची नक्कल करत होती. छोटी मटकन सोफ्यावर बसली. ज्या मुलीपुढे आपण हरलो म्हणून ती गाडीत रडली होती, ती मुलगी कुणी नव्हतीच. सैल बेल्टाने घडवलेली होती ती.

"काढ तो चिमटा," ती म्हणाली.

दादाने चिमटा काढून टेबलावर ठेवला. या वेळी 'अजून' आलं तेव्हा तिला मान वर करावी लागली नाही. आवाज खरखरीत होता, पण पोचला, आणि पोचून थोडा थांबलासुद्धा. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. "हां," ती म्हणाली, "हे ओळखीचं आहे."

तरी कार्यक्रमाच्या संध्याकाळपर्यंत छोटीच्या मनातली धाकधूक गेली नाही. लोक म्हणणार, वय झालं म्हणून सूर खाली आणले. आणि लोकांना तसं वाटलंही. सभागृह खचाखच भरलं होतं. पांढऱ्या केसांची जोडपी, त्यांची पोरं, खांद्यावर बसलेली लहान मुलं. पहिल्या गाण्याला टाळ्या झाल्या, पण त्यात थोडा सांभाळून घेण्याचा सूर होता, आणि तो छोटीला बरोबर कळला. आजारी माणसाला 'छान दिसताय' म्हणतात ना, तशा त्या टाळ्या. दुसऱ्या रांगेतून मात्र कुणीतरी किंचाळलं, "अगं बाई! मॅडम!" चौकात गाडी बंद पाडणारी ती मुलगी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. मग ती शेजारच्या मैत्रिणींना हलवून हलवून सांगू लागली.

एकेक गाणं पुढे सरकलं. शेवटचं गाणं उरलं. ते छोटीच्या एकटीच्या आवाजाने सुरू होतं, गिटार मागून येते. तिने श्वास घेतला, पण लोकांना कुठला दम निघतोय? सगळं सभागृह तिच्या आधीच सुरू झालं, "उतरू नको इतक्यात...", आणि तेही थेट रेकॉर्डच्या पट्टीत. इतक्या वर्षांचं पाठांतर, तसूभरही चुकलं नव्हतं. छोटी खाली, सभागृह वर. नुसता गोंधळ झाला. काही लोक थांबले, काही चाचपडत राहिले. दादाने घाबरून तिच्याकडे पाहिलं.

छोटी गायची थांबली. चौकात अडकलेली गाडी तिने आयुष्यभर पाहिली होती. माइक जवळ ओढून ती रोजच्या आवाजात म्हणाली, "थांबा. सगळे थांबा. काही बिघडलेलं नाही. घाई कुणाला आहे?"

हशा पिकला. मग ती म्हणाली, "तुम्ही बरोबर गाताय. रेकॉर्डमध्ये तसंच आहे. फक्त मी तसं कधी गायलेच नव्हते. आमच्या मशीनचा बेल्ट सैल होता. तुम्ही ऐकताय ती मुलगी जरा पळत पळत गातेय. आज ती चालत आली आहे. तिला एकदा एकटीला म्हणू द्या, मग सगळे या."

लोक हसायचे थांबले. ती डोळे उघडे ठेवून गायली. 'अजून ऊन आहे गच्चीवर' हे एकोणीस वर्षांच्या पोरीने म्हणणं वेगळं आणि पन्नाशीच्या बाईने म्हणणं वेगळं, हे तिला स्वतःलाच गाता गाता समजत गेलं. या वेळी तिला रडू आलं नाही. आनंद झाला, साधा, भरपूर. दुसऱ्या कडव्याला दादाची गिटार आली, तिच्याबरोबर सभागृह आलं, आणि ते खालच्या पट्टीत आलं.

कार्यक्रमानंतर एक टक्कल पडलेला गृहस्थ अल्बम सहीसाठी घेऊन आला. त्याचं कव्हर चिकटपट्टीने चारी बाजूंनी जोडलेलं होतं.

"आता घरी गेलो की वेग कमी करून ऐकतो बघा," तो उत्साहाने म्हणाला. "म्हणजे खरं काय होतं ते कळेल."

"नका करू," छोटी म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही तिच्यासोबत काढलीत. ती खोटी कशी असेल? राहू दे तिला तशीच."

सही करून तिने कव्हर परत दिलं. मग त्याने ते शर्टाच्या आत सरकवलं.

बाहेर दादाची व्हॅन लावली होती. दादाला वजन उचलायला मनाई होती, म्हणून जड ॲम्प्लिफायर एका बाजूने लंबूने धरला आणि दुसऱ्या बाजूने छोटीने. पार्किंगमधून माणसं आपापल्या गाड्यांकडे निघाली होती. अंधारात कुठे कुठे ते गाणं चाललं होतं, काही जण वर, काही जण खाली, आणि एक लहान मूल दोन्हींच्या मध्ये कुठेतरी.

"उचलतेस ना?" लंबूने विचारलं.

"थांब जरा," छोटी म्हणाली, आणि आपल्या बाजूचं वजन हातात तोलून धरून ते गाणं ऐकत तशीच उभी राहिली.