घर फिरताय म्हणणाऱ्या दोघी

मी एक जुनी सहाण आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर पाण्याचे चार थेंब पडले की मला अजून दमयंतीचा आवाज ऐकू येतो. दगडाला कुठले कान, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा.

आमच्या रत्नागिरीचा जांभा छिद्राछिद्रांचा. त्याची सहाण होत नाही. म्हणून एका पाथरवटाने मला घाटावरच्या काळ्या दगडातून घडवलं आणि बैलगाडीत घालून खाली आणलं. भाट्याच्या खाडीकाठी गंगुबाईच्या घरी मी आले ती एकोणीसशे वीसच्या सुमारास. देवाचं चंदन, तान्ह्यांची गुटी, कपाळाचा सुंठीचा लेप, सगळं माझ्यावरच उगाळायचे. "गंगुबायच्या सहाणेला गुण हाय," असं शेजारणी म्हणायच्या आणि मी सुखावायची.

गंगुबाईचा मुलगा बाबू मुंबईला बोटीवर खलाशी होता. दमयंती त्याची पहिली बायको. एका सकाळी ती भिंत धरत धरत माझ्यापाशी आली आणि सुंठ उगाळू लागली.

"आई, घर फिरताय वो. मला जरा धरा."

"पाणी आणायचा कंटाळा आला की तुझा घर फिरताय," चुलीपाशी बसलेली गंगुबाई म्हणाली आणि तिने कळशी पुढे सरकवली.

कपाळावरचा लेप वाळायच्या आत दमयंती गेली. विहिरीला कठडा नव्हता. दुपारी लोकांनी तिला बाहेर काढलं. तिने जीव दिला अशी बोलवा उठली आणि गंगुबाईही तसंच म्हणू लागली.

पुढे बाबूने मैनाशी लग्न केलं. रीतीप्रमाणे गंगुबाईने नव्या सुनेच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाची चांदीची पुतळी बांधली. मेलेलीला गळ्यात मान दिला की ती नवीला छळत नाही, असा समज होता. मैना हसरी पोर. पण विहिरीवर जाताना ती पुतळी मुठीत घट्ट धरायची.

एकदा पुतळीचा दोरा तुटला. नंतर ओवू म्हणून मैनाने ती देव्हाऱ्यात ठेवली आणि जरा आडवी झाली. कूस बदलली मात्र, ती किंचाळली, "आई, घर फिरताय! मला धरा!" ती ओकू लागली. तिचे डोळे आपोआप एका बाजूला हिसके देत होते, थांबतच नव्हते. तेच शब्द पुन्हा ऐकून मला, दगडाला, कापरं भरलं.

"दमी आली!" गंगुबाई मागे सरकली. "पुतळी काढलीन, म्हणून आली!"

शेजारणी जमल्या. भगताला आणायचं, आणि उतार पडला नाही तर मैनाला कायमची माहेरी पोचवायची, असं तिच्यादेखत ठरलं. मैना जमिनीला नखं रोवून ऐकत होती.

शेजारची सगुणा मात्र धावत जाऊन आप्पा वैद्यांना घेऊन आली. त्यांनी मैनाचे डोळे पाहिले, डोकं उशीवर स्थिर ठेवलं.

"गंगुबाई, ही भोवळ आहे. भूतबित काही नाही. ही मात्रा आल्याच्या रसात उगाळा."

गंगुबाई भीतभीत उगाळू लागली. "ह्यानं लगेच उतरेल?"

"ओकारी थांबेल, डोळा लागेल. गरगर मात्र हळूहळू, आपली आपण उतरते. घाई करून मात्रा वाढवू नका, नुसती गुंगी येईल आणि चालताना झोक जाईल. आणि बरी होईस्तो हिला एकटी पाण्यावर धाडू नका."

गंगुबाईचा हात माझ्यावर थांबला.

"भोवळीत माणूस हिरीत पडेल, आप्पा?"

"कठडा नसेल तर पडेल की."

मग गंगुबाईने उरलेली मात्रा उगाळून पुरी केली. मात्रा चाटवून ती मैनाजवळ बसली आणि तिचं मनगट धरून राहिली. थोड्या वेळाने ओकारी थांबली, मैनाला झोप लागली. जाग आली तेव्हा घर फिरतच होतं, पण कमी.

"धरलंय गो," गंगुबाई पुटपुटत होती. "धरलंय तुला, दमे."

मैनाने ते नाव ऐकलं. तिने हात सोडवून घेतला नाही.

हळूहळू मैना भिंतीचा आधार सोडून चालू लागली. भगत आला नाही, माहेरचा विषयही पुन्हा निघाला नाही. विहिरीला जांभ्याचा कठडा झाला. पुतळी गंगुबाईने नव्या दोऱ्यात ओवली आणि स्वतःच्या गळ्यात बांधली. मरेपर्यंत ती तिने काढली नाही.

आता घरात बाटलीतली औषधं आली आहेत. मी मागच्या दारी पडून असते आणि पावसाचं पाणी माझ्या खळग्यात साठतं. मग आवाज येतो, "मला जरा धरा." मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं म्हणालं तर औषध जरूर द्या, पण आधी त्या माणसाचा हात धरा. दमयंतीने सुंठ स्वतःच उगाळली होती. तिला फक्त कुणीतरी धरायला हवं होतं.