माठांजवळची खुंटी

मी बोलतोय, पण मला फार बोलायची सवय नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक तापमापक. वीतभर लाकडी पट्टी, मधोमध काचेची नळी, नळीत लाल रेघ. गरम झालं की रेघ वर चढते, गार झालं की खाली येते. एवढंच माझं काम, आणि ते मी कुणी न विचारताही करतो. पण एका उन्हाळ्यात माझ्यावर विसंबून एक बाळंतीण आणि तिची पाच दिवसांची मुलगी जिवाला मुकणार होत्या. आणि गंमत बघा, तेव्हाही मी अगदी बिनचूक होतो.

जन्म माझा अंबाल्याचा. तिथे एका बाईने मला आधी बर्फात बुडवलं, मग मोजून तापवलेल्या पाण्यात. दोन्ही वेळा रेघ कुठे थांबते ते पाहिलं आणि मला बाजूला ठेवलं. माझ्या शेजारचा एकजण एका अंशाने चुकत होता, त्याला टोपलीत फेकलं. तेव्हापासून मला स्वतःचा जरा गर्वच झाला. पुढे आम्ही खोक्यात भरून राजस्थानातल्या बाडमेरच्या एका दवाखान्यात आलो. वाटेत दोघे फुटले, मी वाचलो.

दवाखान्यात बारा आशाताई जमल्या होत्या. एक डॉक्टरीणबाई त्यांना समजावत होती. उन्हाळा आता पूर्वीचा राहिला नाही, लवकर येतो, उशिरा जातो, रात्रीसुद्धा अंग निवत नाही. तेव्हा प्रत्येक ढाणीत, म्हणजे वाडीवस्तीवर, एक तापमापक टांगायचा, सावलीत. रेघ त्रेचाळीसच्या वर गेली की उंच जागी लाल ओढणी चढवायची. ओढणी दिसली की दुपारभर कुणी उन्हात जायचं नाही. म्हातारी माणसं, लेकरं, बाळंतिणी यांना गार जागी हलवायचं, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. "लोक मरतात ते उन्हाने कमी आणि उशिराने जास्त," असं त्या बाई म्हणाल्या. बारापैकी एकीने ते वहीत लिहून घेतलं. ती धापू. तिनेच मला उचललं, पदरात गुंडाळलं आणि बसमध्ये तीन तास मांडीवर घेऊन बसली.

तिची ढाणी म्हणजे एकाच भाऊबंदकीची आठ घरं. मला कुठे टांगायचं यावर सगळी जमली. धापूचं म्हणणं, गोठ्याच्या छपराखाली टांगू. पण ढाणीत शेवटचा शब्द हरकूबाईचा. ती धापूची चुलतसासू, वयाने सगळ्यांत मोठी.

"गोठ्यात? शेळ्यांच्या लेंड्यांत?" हरकूबाई कडाडली. "जीव वाचवायला आलेली वस्तू आहे ना ती? मग ती परेंड्यावर राहील."

परेंडा म्हणजे पाण्याचे माठ ठेवायचा कट्टा. या मुलखात देवघराच्या खालोखाल मान त्याला. चपला घालून तिथे कुणी जात नाही, तिन्हीसांजेला दिवा लागतो, सोयर असलेल्या बाईने तर त्याला शिवायचंही नाही. वर गवताचं छप्पर, खाली ओली वाळू, ओळीने पाच पाझरते माठ. त्यांच्यामागे भिंतीत एक खुंटी होती, त्यावर मला टांगलं. हरकूबाईने माझ्या कपाळावर कुंकू लावलं. मी मूर्ख, सुखावलो! सावली सांगितली होती, सावली मिळाली. धापूलाही चूक दिसली नाही.

वैशाख लागला. रोज दुपारी लोक यायचे. हरकूबाईचा नवरा तगाराम सगळ्यांत आधी. धापू ढाणीची सून, त्यामुळे तो समोर आला की घुंगट ओढायची आणि भिंतीकडे तोंड करून आकडा सांगायची.

"किती गं आज?"

"अडतीस."

"हात्तिच्या! एवढंच? चला रे, शेळ्या सोडा."

लाल ओढणी घडी घातलेलीच राहिली. दवाखान्यातून रोज फोन यायचा, धापू अडतीस सांगायची, कधी एकोणचाळीस. एकदा पलीकडचे साहेब म्हणाले, "वा, तुमची ढाणी साऱ्या तालुक्यात थंड!" झालं, तगारामने ते चहाच्या टपरीवर चार गावांना ऐकवलं. "आमच्याकडे अडतीस! तुम्ही भाजा खुशाल."

मला एक नवल वाटायचं. याच माणसांना पूर्वी काय काय कळायचं! कावळा चोच उघडी टाकून बसला की ती समजायची, शेळी सावली सोडेना की समजायची, आपला घसा कोरडा पडला की समजायची. आता कावळा चोच उघडून बसला तरी ती माझ्याकडे बघायची. धापूला मात्र खटकत होतं. आठवड्यात तिघांना ओकाऱ्या झाल्या, तळं खोदणाऱ्या एका बाईला भोवळ आली.

"काकी, माझं अंग वेगळंच सांगतंय," ती हरकूबाईला म्हणाली. "याला एकदा बाहेर टांगून बघू."

"तुझं अंग खरं आणि दवाखान्याचं यंत्र खोटं का? आणि परेंड्यावरची वस्तू अशी हिंडवतात होय?"

धापूने मला खुंटीवरच राहू दिलं. नंतर ती स्वतःला याबद्दल पुष्कळ बोलली, पण त्या दिवशी तिने हट्ट धरला नाही हे खरं.

जेठात हरकूबाईची सून सुआ बाळंत झाली. दवाखान्यात सुखरूप सुटका, मुलगी. तिसऱ्या दिवशी घरी आणली. सुआचा नवरा सुरतेला मजुरी करतो. त्याने आदल्या वर्षी मोठ्या हौसेने पक्की खोली बांधली होती, वर दगडी फरश्या, लोखंडी दार. जुन्या गवती झोपड्यात आता चारा भरलेला. पहिलं नातवंड पक्क्या खोलीतच राहील, असा हरकूबाईचा थाट. रीतीप्रमाणे दार लावलं, खिडकीत पोतं कोंबलं, सुआच्या डोक्याला कानांवरून फडकं बांधलं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. प्यायला ओव्याचं गरम पाणी, तेही मोजकंच. माठाचं गार पाणी तिला वर्ज्य. पावसाचं पाणी साठवायच्या टाक्याची पूजा करून, डोक्यावर भरली घागर घेऊन ती परेंड्याशी येईल, तेव्हाच सोयर फिटणार. तोवर तिने परेंड्याकडे फिरकायचं नाही आणि तिच्या खोलीत गेलेली वस्तू परेंड्यावर परत यायची नाही.

म्हणजे मी आणि सुआ एका अंगणात, वीस पावलांवर. आणि तिच्या खोलीत काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. मी माठांच्या गारव्यात अडतीसवर बसलो होतो.

पाचव्या दिवशी दुपारी धापू बाळाला बघायला आत गेली आणि उलट्या पावली बाहेर आली.

"काकी, सुआ काहीतरीच बडबडतेय. मला आई म्हणून हाक मारली. अंग तापलंय आणि घाम नाही. पोर सकाळपासून अंगावर प्यायली नाही."

"दृष्ट लागली असेल. मी मीठ-मोहरी उतरवते."

"दृष्ट नव्हे, खोलीच्या उकाड्याने झालंय हे! भट्टी झालीय आत."

"भट्टी कसली? मघाशी तूच यंत्र बघून अडतीस सांगितलंस ना?"

आणि खरंच, मी अडतीसच सांगत होतो. त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मला रेघच तेवढी आहे.

धापूने माझ्याकडे पाहिलं. मग घामेजलेल्या माठांकडे, मग खालच्या ओल्या वाळूकडे. तिने हात लांब केला आणि मला खुंटीवरून काढलं.

"ए, ए! खबरदार!" हरकूबाई आडवी आली. "सोयराच्या खोलीत नेलंस तर ते परत इथे लागणार नाही!"

"नाही लागलं तर नाही." तगाराम दारातच उभा होता, तरी धापूने घुंगट ओढला नाही. "काकी, चल, तूही ये. तुझ्या डोळ्यांनी बघ."

खोलीत पाऊल टाकलं आणि माझा जीव वर यायला लागला. धापूने मला सुआच्या उशाशी, खाटेच्या दोरीला अडकवलं. हरकूबाईला आकडे वाचता येत नाहीत, पण लाल रेघ कुणालाही दिसते. ती रेघ तिच्या डोळ्यांदेखत सरकू लागली. चाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. हरकूबाईने आपला अंगठा नळीशी धरला, तो ओलांडून रेघ पुढे गेली. सत्तेचाळीसला थांबली. माझी पट्टी पन्नासला संपते.

"अगं बाई," हरकूबाई पुटपुटली, "चढतेच आहे ही! मग तिथे खोटं का सांगत होता मेला?"

"खोटं नाही, काकी. तिथे गार होतं, त्याने गार सांगितलं. इथलं आपण त्याला विचारलंच नाही."

हरकूबाईने सुनेच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. मग ही म्हातारी उठली, थेट परेंड्यावर गेली, सगळ्यांत मोठा माठ कमरेवर घेतला आणि बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडून आत आली. तगाराम "अगं, सोयर..." म्हणाला, तर ती त्याच्यावर खेकसली, "सोयर घाला चुलीत! झोपड्यातला चारा बाहेर काढा, आधी!"

मग एकदम धावपळ. चारा उपसला, सुआची खाट झोपड्यात गेली, मीही दोरीला लटकत गेलो. धापूने दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. सुआच्या डोक्याचं फडकं सोडलं, ओल्या ओढणीने अंग पुसलं, वारा घातला. हरकूबाई वाटी घेऊन बाळाला पाणी पाजायला निघाली, तर धापूने तिचा हात धरला.

"तिला नाही, आईला पाज. आईच्या दुधातून तिला मिळेल. तिला नुसतं ओल्या कापडाने पूस."

सुआ आधी गिळेना. चमच्याने ओठ ओले करत करत पहिला घोट गेला, मग दुसरा. हळूहळू मीठ-साखरेचं पाणी वाटीभर गेलं. झोपड्यात मी एकोणचाळीसवर उतरलो होतो. गाडी यायला दीड तास लागला. ती दिसायच्या जरा आधी सुआने डोळे नीट उघडले आणि विचारलं, "माझी पोर?" धापूने पोर छातीशी दिली. पोरीने तोंड लावलं, सोडलं, रडली, पुन्हा लावलं. हरकूबाई खाली मातीत बसून हुंदके देत होती. एवढ्या कडक बाईला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

दोघी तीन दिवसांनी दवाखान्यातून परतल्या, पण पक्क्या खोलीत नाही, झोपड्यात. पुढे सुआने टाक्याची पूजा केली, भरली घागर परेंड्यावर ठेवली. पोरीचं नाव वीरां.

मी काही परेंड्यावर परत गेलो नाही. सोयराचं म्हणून नव्हे, हरकूबाईनेच जाऊ दिलं नाही. आता मी गोठ्याच्या छपराखाली असतो, धापूने पहिल्या दिवशी म्हटलं होतं तिथेच. शेळ्या माझी पट्टी चाटतात, लेंड्यांचा वास येतो. एक कोपरा उडालाय, कुंकू केव्हाच पुसलं गेलं. त्रेचाळीसच्या रेघेवर सुआने नखाच्या रंगाची खूण केली आहे, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. उन्हाळ्यातल्या बाळंतिणी आता झोपड्यात राहतात, त्यांच्या उशाशी त्यांचा वेगळा माठ असतो. ही तोड हरकूबाईची. रीतही राहिली आणि जीवही.

जागा बदलल्यावर दवाखान्यातून पहिला फोन आला, तेव्हा धापूने आकडा सांगितला. साहेब म्हणाले, "एकदम शेहेचाळीस? तुमचं यंत्र बिघडलं की काय?"

"नाही साहेब," धापू म्हणाली. "आता नीट टांगलंय."

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कुंकू नको, मानाची जागा नको. जिथे टांगाल तिथलं तो खरं सांगेल, दोन पावलांपलीकडचं त्याला काही कळत नाही. म्हणून घरातलं सगळ्यात नाजूक माणूस जिथे निजलंय, तिथे त्याला न्या.

वीरां आता चालते. सध्या दुपारचे बारा वाजलेत, जेठ आहे, मी चव्वेचाळीसवर आहे. हरकूबाई काठी टेकत आली, सुआच्या खुणेच्या वर लाल रेघ दिसते का ते तिने डोळे बारीक करून पाहिलं. मग नातीला कडेवर उचलून ओरडली, "अगं धापू, ओढणी चढव!"