बोरीखालचा म्हसोबा

रावेतच्या खालच्या आळीत स्टेशन होणार म्हटल्यावर गावाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. गाडी इतकी वर्षं नुसती शिट्टी देत पुढं निघून जायची. आता थांबणार, पोरं तिच्यात बसून पिंपरीच्या कारखान्यात जाणार, दूध पुण्याला जाणार. धास्तावली ती एकटी दुर्गाबाई. फलाटाच्या खुंट्या तिच्या परसातून, थेट बोरीखालून गेल्या होत्या.

बोरीखाली तिची तान्ही लेक होती. दात यायच्या आत गेलेलं लेकरू पुरतात, आणि गावाची ती जागा पवनेच्या काठी. पण त्या दिवशी नदीला पूर, काठ पाण्याखाली. मग नवऱ्यानं परसातच खड्डा खणला आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवला. रीत मोडल्याचा बोभाटा नको म्हणून कुणाला सांगितलं नाही. पुढं नवराही गेला. आता हे ठाऊक होतं ते तिला आणि तिच्या थोरल्या जावेला, गोजाबाईला.

"लेकराचं सांगून कोण ऐकतंय?" गोजाबाई म्हणाली. "बाईमाणसाच्या रडण्याला कोण पुसत न्हाई. देवाला मातुर समदी भित्यात."

जाऊ मोठी हिकमती. तिनं धोंड्याला शेंदूर फासला, मंगळवारी अंगात आणलं आणि घुमत सांगितलं, मी म्हसोबा हाय, माझ्यावर पाय देऊ नगा. झालं, सगळी आळी लोटली. नारळ फुटले. जिला उभ्या जन्मात कुणी बस म्हटलं नव्हतं, त्या गोजाबाईच्या पाया पडायला बायका येऊ लागल्या. दुर्गाबाईला हे खपत नव्हतं, पण लेकरू राखलं जातंय ना, मग होऊ दे, अशी ती मनाची समजूत घाली.

रेल्वेचा साहेब आला तो भला माणूस निघाला, तिथंच घात झाला. त्यानं बूट काढले, धोंड्यापुढं हात जोडले.

"देवाला आम्ही तुडवणार नाही," तो आबाजी पाटलाला म्हणाला. "मारुतीच्या देवळाजवळ चौथरा बांधून देतो. गुरवाला बोलवा, रीतसर स्थापना करा. देवाला दुसरीकडं नेता येतं. इथं कुणी माणूस पुरलेला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याला उकरायचं पाप मी केलं नसतं, फलाट पलीकडं घेतला असता."

दुर्गाबाईनं हे ऐकलं. पदर सावरत ती पुढं झाली.

"सायेब, त्यो देव न्हाई. माझी लेक हाय तिथं."

पाटील कसनुसा हसला. "सायेब, हिची पोर गेली हे खरं. पर ती नदीकाठी पुरली आसंल, समद्यांची तिथंच पुरत्यात. बाईला फलाट नको, म्हणून बोलतीया. गोजाबाई, तू घरची. तू सांग."

दुर्गाबाईनं जावेकडं पाहिलं. हिनंच त्या दिवशी लेकराला शेवटची अंघोळ घातली होती, हिनंच दुपट्यात गुंडाळलं होतं. एक शब्द बोलली असती तरी भागत होतं. पण तो बोलायचा म्हणजे देव खोटा, अंगात येणं खोटं. मग गावानं तिला उभी चिरली असती.

"नदीकाठीच," गोजाबाई मातीकडं बघत म्हणाली.

साहेबानं मान हलवली. त्याला तरी काय बोल लावणार?

चांगला वार बघून हलगी लावून धोंडा उचलला. गडी खडीच्या पाट्या घेऊन उभेच होते. तशी दुर्गाबाई धावली आणि त्या उघड्या मातीवर पालथी पडली. केस सुटले, मूठमूठ माती तिनं छातीशी ओढली, आणि इतके दिवस आवरून धरलेलं सगळं रडणं एकदम बाहेर फुटलं. सगळं अंग गदागदा हलत होतं, तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता.

"अगं बया, हिच्याबी अंगात आलं," एक बाई म्हणाली. हलगीवाल्यानं जोर धरला. कुणी तिच्या कपाळाला भंडारा लावला, कुणी पायावर पाणी ओतलं. आबाजी पाटील डोईचं पागोटं काढून तिच्यापुढं गुडघ्यावर बसला.

"देवा," त्यानं हात जोडून विचारलं, "नवी जागा पसंत हाय न्हवं?"

दुर्गाबाईला मान वर उचलवेना. देवानं नाही म्हटलं नाही, तेव्हा होकारच समजायचा, असं पाटलानं सगळ्यांना सांगितलं. बायकांनी तिला अलगद, पाया पडत, बाजूला घेतलं, आणि गड्यांनी खडी ओतली.