मागचा डावा

वायरीचं टोक सोलायला तिने ते दातांत धरलं, तसे खुर्चीतले बाबा ओरडले.

"दात कशाला लावतेस? कात्री आहे ना बाजूला!"

"तुम्हीच शिकवलंत."

"मी पुष्कळ काही चुकीचं शिकवलंय. नेमकं तेच बरं लक्षात राहतं तुझ्या."

तिने प्लास्टिकचा तुकडा तळहातावर काढला आणि तांब्याच्या तारा चिमटीत पिळल्या. खोका गेले कित्येक महिने तसाच कोपऱ्यात पडून होता. दादाने परदेशातून बाबांच्या सत्तरीला पाठवलेला तो होम थिएटरचा संच. त्यात सगळ्या वायरी पोटात घेणारा काळा, जडशीळ रिसीव्हर, पाच स्पीकर आणि खर्जातला आवाज घुमवणारा, बुटक्या कपाटासारखा एक सबवूफर. बाबांनी त्याची चिकटपट्टीसुद्धा सोडवली नव्हती. वर इस्त्रीचे कपडे ठेवायला तो बरा पडत होता. चाळीस वर्षं सिनेमागृहात ऑपरेटर म्हणून काढलेल्या माणसाने असा खोका न उघडता ठेवावा, याचं तिला नवल वाटायचं. विचारलं की ते म्हणत, "घरात बसून कुणी सिनेमा बघतं का? शेजारी कुणी खोकणारं नको?"

आज तो उघडावा लागला, कारण त्या कोपऱ्यात पाळणा यायचा होता. तिची रजा संपली होती. सोमवारी ती पुन्हा एक्स-रेच्या खोलीत उभी राहणार होती आणि तिची आठ महिन्यांची छकुली दिवसभर बाबांकडे राहणार होती. नवऱ्याने पाळणाघर बघून ठेवलं होतं. ते ऐकून बाबा दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नव्हते. मग एका संध्याकाळी ती आली तर सोफ्यावर एक उशी डायपर घालून बसलेली. "सराव करतोय," बाबा म्हणाले. उशीचा डायपर अजून निघालेला नव्हता.

आई गेल्यापासून एवढ्या उत्साहाने त्यांनी कशाचाच सराव केला नव्हता.

"सबवूफर कुठे ठेवू? टीव्हीपाशी?"

"इथे. माझ्या पायाशी."

"पायाशी कुणी ठेवतं का?"

"मी ठेवतो. आवाज जमिनीतून वर आला पाहिजे."

तिने तो ढकलत खुर्चीपाशी आणला. बाबांनी चप्पल काढून अनवाणी पाऊल त्याच्या अंगाला टेकवलं आणि ते समाधानाने मागे रेलले.

आतल्या खोलीत काहीतरी कुरकुरलं. तिने मान वर केली.

"उठली वाटतं," बाबा म्हणाले.

कुरकुर थांबली. छकुली पुन्हा झोपली असावी.

"तुमचे कान म्हणजे ना, बाबा!"

ते फक्त हसले.

वायरींच्या बाबतीत बाबांचा एक जुना नियम होता, तो तिला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होता. डाव्या वायरीला गाठ, उजवी मोकळी. आणि डावं म्हणजे बसणाऱ्याचं डावं, काम करणाऱ्याचं नाही. पहिल्या खेळाआधी रिकाम्या सिनेमागृहात ते तिला पार शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर नेऊन बसवायचे आणि पडद्याकडून ओरडून विचारायचे, "येतंय का गं?" त्या कोपऱ्यातल्या माणसानेही तिकीट काढलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

टीव्हीजवळचे तीन स्पीकर लावून झाल्यावर ती मागच्या दोघांसाठी खुर्चीच्या पाठीमागे गेली. एक पुस्तकांच्या फळीवर, दुसरा आतल्या खोलीच्या दाराशेजारी.

"बाबा, गाठीची वायर तुमच्या बाजूने आली का?"

बाबा बोलले नाहीत. दातांवरून अजून घुश्शात असतील. तिने स्वतःच वाकून वायर ओढून घेतली, रिसीव्हरच्या मागे खुपसली आणि रिमोट घेऊन बाबांसमोर आली.

"आता प्रत्येक स्पीकर आळीपाळीने शूऽऽ करेल. कुठला बोलतोय ते तुम्ही दाखवायचं. हलायचं नाही हं."

"श्वास घेऊ का?"

"घ्या. पण सोडू नका." ती पुन्हा खुर्चीमागे जाऊन फळीला टेकून उभी राहिली.

टीव्हीवर खोलीचं चित्र आलं. मध्ये खुर्ची, भोवती पाच चौकोन. जो स्पीकर बोलेल, त्याचा चौकोन पिवळा होत होता. पहिली फुसफूस पुढच्या डाव्यातून आली. बाबांचं बोट डावीकडे गेलं. मग मधला. मग पुढचा उजवा. बाबांचं बोट वाहतुकीच्या पोलिसासारखं रुबाबात फिरत होतं.

मग मागचा उजवा चौकोन पिवळा झाला. बाबांनी उजव्या खांद्यावरून अंगठा मागे केला.

फुसफूस दाराकडून येत होती. डावीकडून.

आपलाच काहीतरी घोळ झाला असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात मागचा डावा चौकोन पिवळा झाला. बाबांचा अंगठा डाव्या खांद्यावरून दाराकडे वळला आणि शूऽऽ आवाज थेट तिच्या कानाशी, उजवीकडच्या फळीवरून आला. एवढ्या जवळून की तिच्या मानेवर काटा उभा राहिला.

बाबांची नजर टीव्हीवर होती. पहिल्यापासून तिथेच होती.

चूक तिची होती. तिच्या कामात माणूस समोर उभा असतो, त्याचं डावं नेहमी तिच्या उजव्या हाताला. खुर्चीच्या पाठीमागे उभं राहूनही हातांनी सवयीने तेच केलं होतं. गाठीची वायर उजवीकडे गेली होती.

चौकोन पुन्हा पहिल्यापासून फिरू लागले. बाबांचं बोट त्यांच्याबरोबर.

"बरोबर?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

गाठीच्या वायरीचं त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, ते तिला आता आठवलं. आणि "उठली वाटतं" म्हणताना ते आतल्या दाराकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तेही.

ती रिसीव्हरमागे गेली. दोन वायरी उपसल्या. गाठीची तिकडे, मोकळी इकडे. मान वर केली, तर बाबा खुर्चीतून पुढे झुकून तिच्या हातांकडे बघत होते.

"उलट्या लागल्या होत्या?"

"हो. माझ्याच हातून."

"पुढच्या?"

"नाही." तिने ओठ सावकाश हलवले. "मागच्या."

बाबांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले. फुसफूस खोलीभर फिरत राहिली, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. आवाजात जरा खरखर आली तरी जेवणावरून उठून जाणाऱ्या बाबांनी ती बंद कर म्हटलं नाही. शेवटी तिनेच बटण दाबलं.

"दादाला माहीत आहे?" तिने त्यांच्यासमोर बसत विचारलं.

"कुणालाच नाही. तुझ्या आईला होतं. कुणी हाक मारली की ती हात दाबायची."

तिने त्यांचा हात धरला. दोघंही डायपर घातलेल्या उशीकडे बघत बसले.

"सोमवारी तिला इकडे आणू नकोस," बाबा म्हणाले.

"बाबा, आपण कानांच्या डॉक्टरांकडे..."

"जाऊ. ते जाऊच." त्यांनी हात सोडवून घेतला. "पण पाळणाघरवालीला सांगून ठेव, थंड दूध घेत नाही ती. कोमट लागतं. आणि झोपताना कानाची पाळी धरू दे म्हणावं. कुणाची का असेना, चालते तिला."

आतून रडणं ऐकू आलं, या वेळी चांगलं मोठं. बाबा तिच्याकडे बघत होते. तिने मान डोलावली, तेव्हा त्यांनी पाऊल सबवूफरवरून काढून चप्पल शोधली.

"मी आणतो," ते म्हणाले.

ते आत गेले. येताना छकुली त्यांच्या खांद्यावर होती, अर्धवट झोपेत, त्यांच्या कानाची पाळी मुठीत घट्ट धरून. ते सावकाश खुर्चीत टेकले आणि पाऊल पुन्हा होतं तिथे ठेवलं.

"लाव काहीतरी. एवढं सगळं जोडलंस."

तिने एक सिनेमा लावला. पडदा काळा झाला, सबवूफर घुमला आणि बाबांच्या पायाची बोटं हलली. तिने रिमोटवर शोधून आणखी एक बटण दाबलं. पडद्याच्या तळाशी पात्रांची वाक्यं एकेक उमटू लागली.

बाबा डोळे बारीक करून बघत राहिले. एक ओळ गेली, दुसरी गेली.

"अक्षरं जरा मोठी कर," ते म्हणाले.