अर्जातले कारण

ठाकूरद्वारच्या वाडीत कुणाला नळासाठी, बढतीसाठी, नाहीतर वरच्या बिऱ्हाडातून पाणी ठिबकते म्हणून अर्ज करायचा झाला, की तो कोरा कागद घेऊन अप्पांच्या दारात उभा राहायचा. अप्पा सव्वीस वर्षे फोर्टातल्या सरकारी कचेरीत कारकून. अक्षर असे वळणदार, की साहेबाने मजकूर न वाचताच सही ठोकावी. पण त्यांची खरी करामत अक्षरात नव्हती, कारणात होती. अर्जात खरे कारण लिहिणारा माणूस त्यांच्या लेखी शुद्ध अडाणी. "अर्जातलं कारण पगडीसारखं असतं," ते म्हणायचे. "घरात खुंटीवर, साहेबापुढे जाताना डोक्यावर." रजेसाठी त्यांनी स्वतःची मावशी आजवर चार वेळा मारली होती. मावशी अलिबागेला ठणठणीत होती आणि दरवर्षी कोकम पाठवत होती.

अशा माणसाच्या मुलाने, जगन्नाथने, आयुष्यातला पहिला अर्ज बापाला न दाखवता लिहिला आणि त्यात खरे कारण घातले. बिघडले ते तिथूनच.

जगन्नाथ एकोणीस वर्षांचा. दोन वर्षे तो आपल्या कॉलेजच्या क्रिकेटचा कप्तान होता आणि त्याच्यासारखा बोलर साऱ्या कॉलेजांत नव्हता. हळू, निरागस दिसणारा चेंडू टाकायचा; जमिनीला टेकला की तो आत वळायचा आणि दांडी घेऊन जायचा. मग १८९४ च्या पावसाळ्यानंतर कॉलेजात एका संस्थानिकाचा पुतण्या आला. त्याच्या काकांनी मैदानावर नवा तंबू उभारून दिला, आणि तंबूच्या मागोमाग कप्तानकीही कुमारसाहेबांकडे गेली. एवढ्यावर भागले असते तरी जगन्नाथ गप्प बसला असता. पण कुमारसाहेबांना बोलिंग आवडत नव्हती, फलंदाजी आवडत होती, आणि तिचा सराव रोज हवा होता. प्रिन्सिपॉल साहेबांनी हुकूम सोडला: जगन्नाथने रोज तीन ते सहा कुमारसाहेबांना चेंडू टाकायचे. सामन्याच्या दिवशी मात्र अकरा जणांत कुमारसाहेबांचे दोस्त, आणि जगन्नाथ तंबूच्या दाराशी पाण्याच्या सुरईजवळ.

सरावाची जाळी फाटली की ती विणायला माझगावहून धोंडू नावाचा कोळी यायचा. वर्षभर त्याने हा प्रकार पाहिला आणि एक दिवस सुई दातात धरून तो हसला. "जाल्यान उभं ते, आन सापरलाव तुमी!" जगन्नाथलाही हसू आले. घरी जाताना मात्र त्याच वाक्याने त्याचा जीव कोंडला, कारण जाळ्यात उभे राहायचे कुमारसाहेब आणि सापडला होता तो, हे खोटे नव्हते.

जायला म्हटले तर वाट होती. पाद्र्यांच्या कॉलेजात दत्तू म्हणून त्याचा शाळेतला सोबती कप्तान होता. "ये रे इकडे," तो रोज म्हणायचा. "पहिल्या दिवसापासून चेंडू तुझ्या हातात." पण जुन्या कॉलेजचा दाखला असल्याशिवाय दुसरे कॉलेज दारात उभे करत नसे. बरे, चिडून मैदानावर जाणेच बंद करावे, तर टर्म भरल्याचे सर्टिफिकेट 'चांगल्या वर्तणुकी'वर मिळायचे आणि वर्तणूक चांगली की वाईट हे ठरवणार साहेब. म्हणजे बोलिंग करावी तर जीव जातो आणि न करावी तर वर्ष जाते.

त्याने अर्ज लिहिला: मला खेळायचे आहे, इथे खेळायला मिळत नाही, तरी दुसऱ्या कॉलेजात जाण्याची परवानगी असावी. साहेबांनी तो त्याच्यासमोर वाचला. "कॉलेज म्हणजे नाटक मंडळी नव्हे," ते म्हणाले, "इथे चांगलं सोंग मिळत नाही म्हणून तिथे जायला. कारण अपुरं आहे." आठ दिवसांनी त्याने दुसरा अर्ज लिहिला, घर लांब पडते म्हणून. साहेबांनी भिंतीवरच्या नकाशात ठाकूरद्वारवर बोट ठेवले, मग पाद्र्यांच्या कॉलेजवर ठेवले. ते कॉलेज अधिकच लांब होते. बाहेर चपराशी तोंडावर उपरणे धरून हसत होता. जगन्नाथ तसाच मैदानावर गेला आणि कुमारसाहेबांना दोनशे चेंडू टाकून आला.

त्या दिवशी त्याने जेवताना ताट बाजूला सारले आणि अप्पांना सगळे सांगितले.

"पाद्र्यांच्या कॉलेजात?" आई रमाबाई स्वयंपाकघरातूनच ओरडली. "चेंडूफळीपायी धर्म बुडवायचाय का?"

"बुडत नाही धर्म. तिथलं पाणी पिऊ नकोस म्हणजे झालं," अप्पा म्हणाले. क्रिकेट हा त्यांच्या मते रिकामटेकड्यांचा उद्योग. मुलाचा सामना त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. पण अर्ज दोनदा परत आला हे ऐकून त्यांच्या अंगात वीज संचारली. आपल्या घरातला अर्ज, आणि नामंजूर? "तू काय लिहिलंस? खेळायला मिळत नाही? अरे, हे काय कारण झालं! आण दौत."

त्यांनी चष्मा चढवला, दोन मसुदे फाडले, तिसरा सुंदर कागदावर उतरवला आणि खाली वडिलांची संमती म्हणून आपली सही केली. मग कागद मुलापुढे सरकवला. "इथे सही कर. शाई ओली आहे, हात लावू नकोस."

"कारण काय घातलंत?"

"साहेबाला आवडेल असं. तुला काय करायचंय?"

बापाचा मसुदा तपासायचा ही त्या घरातली रीत नव्हती. जगन्नाथने सही केली, अप्पांनी शाई सुकायला कागदावर वाळू भुरभुरली आणि पाकीट बंद केले.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावले, आणि चमत्कार म्हणजे खुर्चीतून उठून हात पुढे केला. "तुमच्या वयात असा त्याग सोपा नाही," ते म्हणाले. "मला तुमच्याविषयी चुकीचं वाटत होतं." जगन्नाथला वाटले, कॉलेज सोडण्यालाच साहेब त्याग म्हणत असतील, इंग्रजांचे काही सांगता येत नाही. साहेबांनी दाखला लिहिला, अर्ज त्याला टाचला, लाखेची मोहोर केली आणि वर पाद्र्यांच्या प्रिन्सिपॉलचे नाव घातले.

ते पाकीट बगलेत धरून तो थेट चौपाटीवर गेला. पायातले बूट काढले, वाळूत एक गोल खडा सापडला तो उचलला आणि समोरच्या होडीवर टाकला. मग आणखी एक. बोटांतून खडा सुटताना मनगट कसे वळते ते त्याला वर्षभरानंतर पुन्हा नव्याने कळत होते. आनंदाने त्याचे डोळे भरून आले. जाळे विणत बसलेल्या कोळणी त्याच्याकडे बघून हसल्या, तरी त्याला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तू पाद्र्यांच्या कॉलेजच्या जिन्याशी कॉलेजची टोपी घेऊन उभा होता. "सही झाली की घालतो तुझ्या डोक्यात," तो म्हणाला. "शनिवारी सामना कुणाशी आहे ठाऊक आहे ना?" ठाऊक होते. जुन्या कॉलेजशी.

पाद्री म्हातारा होता आणि व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेले मराठी बोलत असे. त्याने मोहोर फोडली, दाखला वाचला, मग टाचलेला अर्ज वाचला. मग दोन्ही पुन्हा वाचले.

"कप्तान दत्तू मला म्हणाला की तुम्ही उत्तम गोलंदाज आहात, आणि शनिवारी आमच्या बाजूने खेळणार आहात."

"हो साहेब."

"मग हे काय आहे?" पाद्र्याने कागदावर बोट ठेवून सावकाश मराठी करत वाचले. "'अर्जदाराने क्रिकेटचा खेळ कायमचा सोडून आपला सर्व काळ अध्ययनास वाहण्याचा निश्चय केला आहे. सध्याच्या कॉलेजात त्याची कीर्ती त्यास तसे करू देत नाही. केवळ या एकाच कारणास्तव तो अन्यत्र जाऊ इच्छितो.' खाली तुमची सही आहे. आणि तुमच्या पित्याची. तुमच्या साहेबांनी दाखल्यात लिहिले आहे की याच निश्चयाच्या आदरार्थ ते तुम्हास मुक्त करीत आहेत."

जगन्नाथने वाकून कागद पाहिला. समोर ते मोत्यांसारखे अक्षर होते. अप्पांनी कारण घातले होते, आणि कसले घातले होते! कुणाही कारकुनाने मान डोलवावी असे. फक्त अप्पांना सव्वीस वर्षांत अर्जातले कारण खरे मानणारा माणूस भेटला नव्हता, आणि आता लागोपाठ दोन भेटले होते.

"दोहोंपैकी एक असत्य आहे," पाद्री म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होते. "हा कागद असत्य असेल तर मी तुम्हास घेऊ शकत नाही. तो तुमच्या साहेबांकडे परत पाठवावा लागेल. कागद सत्य असेल तर तुमचे स्वागत आहे. परंतु मग तुम्ही खेळणार नाही. हवे तर मी तुमच्या पित्यास बोलावून विचारतो. ते सरकारी सेवेत आहेत. खोट्या कागदावर सही करणार नाहीत."

जगन्नाथला अप्पा दिसले. या खुर्चीसमोर, पगडी सरळ करत, अर्जात असेच लिहितात हो, असे म्हाताऱ्या गोऱ्या माणसाला पटवताना. वाडीतला प्रत्येक माणूस ज्यांच्या दारात कागद घेऊन येतो, ते अप्पा लबाड ठरताना. दाराबाहेर दत्तूच्या चपला वाजत होत्या. मागे फिरावे तर जाळी होतीच, तीन ते सहा.

"खरं आहे, साहेब," तो म्हणाला.

"वचन?"

"वचन."

"बी.ए. होईपर्यंत?"

म्हणजे दोन वर्षे नि वर काही महिने. "हो," तो म्हणाला, आणि पाद्र्याने समाधानाने त्याचे नाव पटावर घेतले.

दत्तूने जिन्यात त्याला गदागदा हलवले. "वेड लागलंय का रे तुला? खोटं आहे म्हणून सांगायचं!" दत्तू चिडला, शिव्या दिल्या, टोपी खिशात कोंबली आणि अर्धा जिना उतरून परत वर आला. "निदान डावाची वही तरी लिहायला ये. त्याला काही खेळणं म्हणत नाहीत."

घरी अप्पा झोपाळ्यावर वाट बघत होते. "चाललं ना पत्र?"

"चाललं."

"चालणारच!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "काय घातलं होतं सांगू? पोरगा क्रिकेट सोडतोय म्हणून! तू आणि क्रिकेट सोडणार!" ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग जरा ओशाळून, बाहेर बघत म्हणाले, "शनिवारी सामना आहे म्हणे. म्हटलं, एकदा बघावं तरी, एवढं काय असतं ते. रजा टाकलीय."

एरवी या एका वाक्यासाठी जगन्नाथने काय दिले नसते! लहानपणापासून तो हे ऐकायला थांबला होता. आता तो हातपाय धुवायला मोरीत निघून गेला. तिथे त्याने बराच वेळ नुसतेच पाणी ओतून घेतले.

शनिवारी तो दत्तूच्या तंबूपाशी मांडीवर वही घेऊन बसला. समोर कुमारसाहेब खेळत होते. वर्षभर चेंडू टाकून जगन्नाथला त्यांचे सगळे पाठ झाले होते: डावा पाय उशिरा निघतो, बॅट आणि पाय यांच्यात दार उघडे राहते, आत वळणारा एक चेंडू टाकला की खेळ खलास. दत्तूचे बोलर बाहेर, दूर, भलतीकडेच टाकत होते. पेन्सिल धरलेली त्याची बोटे आपोआप वळत होती. ती थांबवायला त्याने हात मांडीखाली दाबून धरला.

साडेबाराच्या सुमाराला अप्पा आले. नवी पगडी, इस्त्रीचा अंगरखा, काखेत छत्री. ते तंबूमागून वाट काढत आले, मुलाशेजारी बाकावर टेकले आणि मैदानाकडे टक लावून बघू लागले. खेळातले त्यांना ओ की ठो कळत नव्हते. तरी चेंडू कुणाकडेही गेला की ते "वा!" म्हणत होते.

"तुझी पाळी केव्हा रे?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

जगन्नाथच्या ओठांशी सगळे आले. एक वाक्य पुरले असते. त्याने अप्पांकडे पाहिले. जत्रेत आलेल्या पोरासारखा तो चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि खूश होता.

"आज नाही, अप्पा."

"नाही?" अप्पा हिरमुसले. "उगाच घालवली की रजा. बरं, पुढच्या सामन्याला येईन."

"पुढच्या वेळी कारण काय लिहाल?"

"आज मावशी पाचव्यांदा गेली, आता तिला सोडली पाहिजे," अप्पा हसत म्हणाले आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, कारणांना काय तोटा! मी मरेपर्यंत पुरतील. तू फक्त तिथे उभा राहा, म्हणजे झालं."

मैदानात टाळ्या पडल्या. जगन्नाथने मांडीखालचा हात काढला, वही पुढे ओढली आणि कुमारसाहेबांच्या नावापुढे चार रन मांडले.