निर्मलाबाईंची हनुवटी

सौंदर्य आतून येतं, असं निर्मलाबाई जवाहरनगरच्या शाळेत सातवीच्या मुलींना दरवर्षी गंभीरपणे सांगत. त्यावर त्यांचा पक्का विश्वास होता, कारण त्यांच्या हनुवटीवरचे केसही आतूनच येत.

रुचिताच्या जन्मानंतर ते यायला लागले. तेव्हापासून रोज पहाटे, घर उठायच्या आत, निर्मलाबाई न्हाणीघराची कडी लावत, बिनचष्म्यानं हनुवटी चाचपत आणि बोटाला टोचलं की चिमट्यानं उपटत. चिमटा शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली असे. घनश्यामराव फॅक्टरीत फिटर होते, पण शिलाई मशीन उघडणाऱ्यातले नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला ही गोष्ट कळू दिली नाही, याचा निर्मलाबाईंना मनातून अभिमान होता.

रुचिताचं लग्न ठरलं आणि तिनंच विषय काढला.

"आई, भंडाऱ्यात लेझर आलं. साक्षगंधात तुझे फोटो निघतीन. आताच्या मोबाईलमध्ये सगळं दिसते."

"सगळं म्हंजे का?"

"सगळं."

"तुले कोनं सांगितलं?"

"तुझ्याच मांडीवर वाढली ना मी."

"बाबांले सांगू नको," निर्मलाबाई एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात जायच्या दिवशी त्यांनी हनुवटी नेहमीपेक्षा मन लावून साफ केली. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडतोच. तरुण डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"इथे तर काहीच नाही."

"सकाळीच काढले," निर्मलाबाई म्हणाल्या. आवाजात थोडी शाबासकीची अपेक्षा होती.

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं. "बाई, लेझर केसातला काळा रंग शोधतो. त्या रंगामुळे केस तापतो, ती उष्णता मुळाशी जाते आणि मूळ जळतं. तुम्ही केस मुळासकट उपटून आलात, मग लेझरनं कुणाला जाळायचं? आता महिनाभर चिमटा बंद. येण्याच्या आदल्या दिवशी फक्त वस्तरा फिरवा, त्यानं मूळ आत राहतं. आणि एका खेपेत होत नाही. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात."

म्हणजे जे कायमचं घालवायचं, ते आधी महिनाभर चारचौघांत वागवायचं. निर्मलाबाईंनी स्कूटरवरचा स्कार्फ तोंडाला बांधला, तो घरातही सोडला नाही. आरशाकडे त्यांनी पाठ फिरवली. शाळेत धुळीचं कारण चाललं. घरी अवघड गेलं.

"घरात का ऊन लागून राहिलं तुले?" घनश्यामरावांनी विचारलं.

"दात दुखते."

"दोन्हीकडचे?"

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याचा वस्तरा उचलला आणि कडी लावली. फेस लावला, एक फराटा ओढला आणि "आई गं" तोंडातून निघालंच. बाहेरून दार वाजलं.

"रुचिताची माय, का करून राहिली वो?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं. हनुवटीवर फेस, फेसात रक्ताचा ठिपका. हा माणूस आता हसणार, याची भीती त्यांनी रुचिताच्या वयाइतकी वर्षं बाळगली होती.

घनश्यामरावांनी वस्तरा हातातून घेतला. "उलटा फिरवली तू. मान वर कर."

"हसू नका."

"हसून नाई राहिलो. हलू नको, कापंल."

ते एखाद्या पार्टाची घासाई करावी तसे काम करत होते. निर्मलाबाई छताकडे पाहत म्हणाल्या, "उद्या लेझर हाय. एका बारीत होत नाई म्हंते डॉक्टरीन."

"आपल्या सानगडीच्या धानाच्या बांधीतलं गवत तरी कधी एका निंदनात गेलं का?"

मग निर्मलाबाईंनी विचारलं, "तुमाले घीन नाई वाटून राहिली?"

"कायची? मले मालूम होतं."

"कधीपासून?"

"तू पहाटे कडी लावे ना, ते लय कुरकुरे. पोरगी उठन म्हनून मीच कडीले तेल टाकलो होतो."

इतकी वर्षं निर्मलाबाई जी कडी बिनआवाजाची समजत होत्या, तिच्या मुकेपणामागे एक माणूस होता, हे त्यांना आता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी घनश्यामराव सुटी टाकून सोबत आले. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं, दिवा जवळ घेतला, मग निर्मलाबाईंच्या कलप केलेल्या डोक्याकडे पाहिलं, मग पुन्हा हनुवटीकडे.

"बाई, हे तर पांढरे झालेत."

निर्मलाबाईंना ते माहीतच नव्हतं. रंग दिसण्याइतकं त्यांनी त्या केसांना आधी कधी बाहेर येऊच दिलं नव्हतं, आणि गेला महिनाभर आरसा पाहिला नव्हता.

"मले काल दिसले," घनश्यामराव म्हणाले. "पन लेझरले रंगाशी का करनं हाय, असं वाटलं."

"पांढरा केस लेझरला दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे पूर्वीसारखे उपटलेलेच बरे. घरी चिमटा आहे ना?"

निर्मलाबाईंनी स्कार्फाची घडी घातली.

"हाय ना," घनश्यामराव म्हणाले. "शिलाई मशीनच्या खनात, बॉबिनच्या खाली."