उंच आणि मोकळी जागा

“अक्का, आते काय किल्ला जिंकीसनच येशी का?” पायथ्याशी शेळ्या चारणाऱ्या मंदाबाईने हाळी दिली.

धुरपदाबाई वळल्या नाहीत. एक हात काठीवर आणि दुसरा गुडघ्यावर ठेवून त्या सोनगीरच्या किल्ल्याची वाट चढत होत्या. मध्येच दम खायला थांबल्या, पण आव असा आणला की वारा कुठून सुटला आहे तेवढेच पाहायचे होते.

“तू तुन्या शेळ्या सांभाय. किल्लानं मी पाही लिसू.”

“गुडघा सुजी जाई, मग माले बलावशी तेल चोयाले!”

“नही बलावस. तुना हातले बोकडना वास येस.”

मंदाबाई हसत हसत शेळ्यांमागे गेली. धुरपदाबाई पडक्या बुरुजापाशी पोहोचल्या, एका दगडावर टेकल्या आणि पिशवीतून फोन काढला. पडद्यावर ‘फुलवाडी’ या खेळाचे हिरवे फाटक आले. फाटकावर पांढरे वर्तुळ गरगरू लागले आणि त्याखाली तीच अक्षरे उमटली: जोडणी होत आहे. त्यांनी वाट पाहिली. वर्तुळ फिरत राहिले, मग फाटकही गेले. त्यांनी तक्रारीचे बटण दाबले आणि फोन तोंडाशी धरला.

“मी धुरपदाबाई बैसाणे, सोनगीर. तुम्ही लिखं तसं उंच अन् मोकळी जागावर येयेल शे. किल्लावर. आठेबी लागत नही. आते आखो कोठे जाऊ, ते लिखी धाडा.”

एवढे बोलतानाही त्यांना धाप लागली होती. वारा तर त्यांच्याहून मोठ्याने बोलत होता.

या बाईंना खेळाचा नाद लागला, असे गावात कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते. धुरपदाबाईंचे आयुष्य धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून गेले. पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, मग लकव्याच्या रोग्यांचा वॉर्ड. कूस बदलून देणे, अंग पुसणे, आणि रोग्याला जागचा न हलवता त्याच्याखालची चादर बदलणे, ही कामे त्यांच्याइतकी सफाईने कोणाला जमत नसत. वॉर्डात त्यांनी एकच नियम पाळला होता. कागदावर लिहिलेले असेल ते करायचे, त्यात आपली अक्कल घालायची नाही. लिहिणारा शहाणा असतो म्हणून नव्हे, तर लिहून दिले की तो जबाबदार असतो म्हणून. निवृत्त होऊन त्या सोनगीरच्या दोन खोल्यांत आल्या, तेव्हा तो नियमही त्यांच्याबरोबर आला.

धाकटी बहीण वच्छलाबाई सुरतेला होती. लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. नवऱ्यामागे मुलगा भिकन कापडाच्या कारखान्यात लागला. वच्छलाचा आवाज असा की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून गाणे म्हणू लागली की पलीकडच्या आळीतल्या सासुरवाशिणी आपला झोका थांबवून ऐकत. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. डाव्या हाताची बोटे तेवढी राहिली. भिकनने तिच्या हाताशी नवा फोन देऊन त्यात ही ‘फुलवाडी’ घालून दिली, आणि दिवाळीत येऊन मावशीच्या जुन्या फोनमध्येही घातली.

खेळ साधा होता. प्रत्येकीचे एक अंगण असायचे. आपण शेजारणीच्या झाडांना पाणी घालायचे, शेजारणीने आपल्या उंबऱ्यावर फूल ठेवायचे. वच्छला रोज फूल ठेवत असे. कधी जास्वंद, कधी झेंडू; मन खट्टू असले की नुसती पिवळी शेवंती. धुरपदाबाईंना ते सगळे वाचता येऊ लागले होते. भिकनला फोन केला की तो म्हणे, “बरी शे मावशी, काळजी करू नको.” पण ते ‘बरी शे’ भिकनचे असे. फूल वच्छलाचे असे.

सुरतेला जाऊन यावे, असे दोन वर्षांत कितीदा तरी निघाले. प्रत्येक वेळी धुरपदाबाईंनी गुडघे पुढे केले. भिकनचे घर तिसऱ्या मजल्यावर, आणि डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलेले. बोलणे तिथेच संपत असे. लकव्याची इतकी माणसे ज्यांनी न डगमगता उलथीपालथी केली, त्या बाईंना आपली गाणारी बहीण मुकी झालेली बघवणार नव्हती. पण ही गोष्ट त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती.

मग खेळात नवे अपडेट आले. फाटके रंगीत झाली, फुले चमकू लागली, खेळातल्या चांदण्या खऱ्या पैशाने विकत घ्यायला नवे दुकान निघाले. आणि जोडणी तुटली. तक्रार केल्यावर उत्तर आले: ‘प्रिय खेळाडू, अडचण आपल्या नेटवर्कची आहे. कृपया उंच व मोकळ्या जागी जाऊन पुन्हा प्रयत्न करा. आपला, मोईज, खेळाडू सेवा.’

उंच व मोकळी जागा सोनगीरला एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाबाईंनी काठी घेतली आणि तेव्हापासून रोज किल्ला चढू लागल्या.

शेजारची मेघा अंगणवाडीत शिकवत असे. तीही फुलवाडी खेळणारी. एका संध्याकाळी ती डोके हलवत दारात उभी राहिली.

“मावशी, तुमच्या घरात रेंज पूर्ण आहे. किल्ल्यावर कशाला मरायला जाता? सगळीकडे हीच बोंब आहे. आमच्या गटातल्या बायकांनी तर ठरवलंय, खेळ नीट होईपर्यंत एक चांदणी विकत घ्यायची नाही. आधी जोडणी द्या, मग दुकान उघडा.”

“ते बरोबर करं तुम्ही. चालत नही त्याना पैसा कसाना?”

“मग चढता कशाला?”

“लिखेल शे ना.”

“मावशी, तो लिहिणारा कुठे बसून लिहितो, त्याला काय ठाऊक सोनगीर!”

“ठाऊक नसतं तर नाव खाले लिखतं का?” धुरपदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मेघाच्या हातात चहाचा कप देऊन तिला गप्प केले.

रविवारी त्या बुरुजापाशी बसल्या होत्या, तोच वाटेवर एक तरुण दिसला. दाढी नीट कातरलेली, पायात शहरी बूट, चेहरा लालबुंद. तो आला आणि आधी उकिडवा बसून दम घेऊ लागला.

“पानी पी,” धुरपदाबाईंनी बाटली पुढे केली. “कोन शे रे भाऊ?”

“धुरपदाबाई तुम्हीच ना? मी मोईज. जळगावहून आलो. फुलवाडीचा.”

धुरपदाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. “म्हंजे तू शे व्हय. मी समजे कोनी मोठा मानूस व्हई. खेळ दुरुस्त कराले किल्ला चढना का?”

“नाही मावशी. तुम्हाला खाली न्यायला.” त्याने मान खाली घातली. “मी घरूनच काम करतो. तुमचा आवाज लावला, तर आतून अम्मी बाहेर आली. म्हणाली, ही बाई कोण आणि का धापा टाकते आहे? मी सांगितलं. तिनं मला जेवायला वाढलंच नाही. म्हणाली, पहिले जा, त्या बाईला खाली उतरव.”

“तुनी माय शहानी शे. नाव काय तिनं?”

“जरीना.”

“अन् तू शहाना शे का?”

मोईजला हसू आले नाही. “मावशी, दोष नेटवर्कचा नाही. नवा अपडेट जुन्या फोनवर टिकत नाही. आमच्या वरच्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. लोकांनी चांदण्या घेणं थांबवलं, तसा आम्हाला हुकूम आला, कंपनीची चूक कबूल करायची नाही, नेटवर्कवर ढकला. ते उत्तर सगळ्यांना जातं. उंच जागा कुणी खरंच शोधेल, असं मला वाटलं नव्हतं.”

धुरपदाबाईंनी बाटलीचे झाकण घट्ट लावले. खाली हमरस्त्यावरून मालट्रक ओळीने जात होते.

“वॉर्डमा चुकीचं औषध लिखं तर डॉक्टरले समदा वॉर्डसमोर चूक कबूल करनी पडे,” त्या म्हणाल्या. “तू मनासमोरच बोलना. बाकीच्यासनं काय?”

“आज निघण्याआधी माझ्या वाट्याच्या सगळ्यांना खरं लिहिलं.”

“मग नोकरी?”

“उद्या कळेल.”

“चिंता लागनी व्हई तुनी मायले.”

“नाही. तिनं मघाशी फोन केला, म्हणाली, आता ये, जेवायला वाढलंय.”

धुरपदाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण तेवढाच. मोईजने आपला नवा फोन काढला, त्यांचे नाव आणि परवलीचा शब्द विचारून घेतला, आणि फोन त्यांच्या हातात दिला. फाटक उघडले. वर्तुळ फिरले नाही.

त्यांच्या अंगणाचा उंबरा दिसतच नव्हता. जास्वंदी, झेंडू, पुन्हा जास्वंदी, आणि मग नुसती शेवंती, एकीवर एक, पार दारापर्यंत. सगळ्यात वरची त्याच सकाळची होती. अंगणात जायलाही वाट उरली नव्हती.

“ती रोज हाका मारी ऱ्हायनी,” धुरपदाबाई हळूच म्हणाल्या. “अन् आठून कोनी ओ नही दिधी.”

मोईज म्हणाला, “मावशी, हा फोन ठेवा तुमच्याकडे. मी दुसऱ्यावर भागवतो.”

“नको.” त्यांनी फोन त्याच्या हातात परत दिला. बहिणीच्या झाडांना पाणीही घातले नाही. काठी टेकून उभ्या राहिल्या आणि वर चढून आलेल्या वाटेकडे पाहू लागल्या. ती वाट भिकनच्या जिन्यापेक्षा कितीतरी मोठी होती. मग त्यांनी पदराने डोळे नव्हे, कपाळ पुसले.

“नरडाणाले सुरतनी गाडी थांबस ना?”

“थांबते. पण मावशी, तुमचे गुडघे...”

“गुडघा काय करतस? इतला रोज चढनात ना!” त्या खेकसल्या. “चाल. मना हात धर. उतरतांना जास्त दुखतस.”

सुरतेला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्या शिरल्या तेव्हा भिकनची बायको सविता दचकून उठली. वच्छलाबाई कुशीवर होत्या. फोन उशाशी होता. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. तोंड उघडले, पण त्यातून जे निघाले त्याला शब्द म्हणता येत नव्हते.

धुरपदाबाईंनी पिशवी खाली ठेवली, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि बहिणीच्या टाचा, माकडहाड, खांदा बोटांनी चाचपून पाहिला. अंथरुणाला खिळलेल्यांना होते तशी जखम कुठे नव्हती. सवितेकडे पाहून त्यांनी एकदा मान हलवली. त्या मुलीला तेवढे कळले. मग धुतलेली चादर मागून घेतली, एका बाजूने गुंडाळत नेली, वच्छलाला एका हाताने आपल्या अंगावर टेकवून धरले आणि जुनी चादर कधी निघून आली ते कोणाला दिसलेच नाही.

नवी चादर सारखी करून त्या बाजूला होणार, तोच वच्छलाबाईंच्या डाव्या मुठीत त्यांचा पदर आला.

सविता म्हणाली, “मावशी, प्रवासातून आल्या, आधी हातपाय धुई ल्या. चहा करेल शे.”

“ऱ्हाऊ दे तठे,” धुरपदाबाई पलंगाच्या कडेवर बसत म्हणाल्या. “ती सोडी तव्हय उठसू.”

सवितेने चहा खिडकीत ठेवला. खाली कारखान्याची पाळी सुटली, जिन्यावर पावले वाजली आणि थांबली. चहावर साय धरली. मूठ सुटली नव्हती.